स्वतःच्याच पेशींवर एवढा संशय कशाला?

कोंबडीच्या शेपटीच्या बुडाशी आतल्या बाजूला एक छोटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. फॅब्रिशियस नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तो गेला त्याला चारशे वर्षं होऊन गेली, पण ही पिशवी तिथे नेमकं करते काय हे शतकानुशतकं कुणालाच सांगता येत नव्हतं. 1950च्या दशकात अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पिल्लांची ही पिशवी काढून टाकून बघत होता, पण फरकच पडेना, कोंबड्या मजेत. मग त्याच्याच बरोबरच्या टिमथी चांगला वर्गात दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. साल्मोनेला नावाचा जंतू टोचायचा, थोडे दिवस थांबायचं आणि रक्तात अँटीबॉडी, म्हणजे जंतूला जाऊन चिकटणारी प्रथिनं, आल्यात हे पोरांना दाखवायचं, इतका साधा प्रयोग. ग्लिककडच्या कोंबड्या त्याने घेतल्या आणि प्रयोग फसला, अँटीबॉडी आल्याच नाहीत, आणि शोधल्यावर कळलं की ज्यांच्यात आल्या नाहीत त्या बर्सा काढलेल्या कोंबड्या. ‘सायन्स’ने हा पेपर नाकारला, शेवटी 1956 मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला, म्हणजे कुक्कुटपालनाच्या जर्नलमध्ये, जे इम्युनॉलॉजीवाले उघडूनही बघत नसणार.

मला ही गोष्ट आवडते ती फसलेल्या प्रयोगातून शोध लागला म्हणून नाही, तसल्या गोष्टी विज्ञानात पैशाला पासरी आहेत. आवडते कारण यातून जे उत्तर मिळालं ते फार सोपं वाटतं आणि ते अर्धंच आहे. बर्सात ज्या पेशी तयार होतात त्या बी पेशी, आपल्याला बर्सा नाही, आपल्याकडे हे काम अस्थिमज्जेत म्हणजे बोन मॅरोत होतं, आणि अँटीबॉडी याच पेशी बनवतात. झालं की मग! व्हायरस आला, बी पेशीने ओळखला, अँटीबॉडी बनवली, व्हायरस गेला. शाळेत साधारण एवढंच शिकवतात आणि कोविडच्या काळात आपण सगळे जे धडाधड फॉरवर्ड करत होतो त्यातही एवढंच होतं.

पण 1960च्या दशकात उंदरांवर काम करणाऱ्यांना काहीतरी जुळत नाही हे दिसायला लागलं. 1961 मध्ये जॅक मिलरने दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या उंदराचा थायमस काढला, म्हणजे छातीच्या हाडामागची ती ग्रंथी, तर त्याची प्रतिकारशक्ती कोलमडते. 1966 मध्ये हेन्री क्लामन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी गंमत दाखवली, रेडिएशनने स्वतःच्या पेशी मारून टाकलेल्या उंदरांना नुसत्या थायमसच्या पेशी दिल्या तर अँटीबॉडी जेमतेम, नुसत्या मज्जेच्या दिल्या तरी जेमतेम, आणि दोन्ही एकत्र दिल्या की दोन्हींच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. मग 1968 मध्ये मिलर आणि ग्रॅहम मिचेलने मेलबर्नमध्ये नक्की केलं की अँटीबॉडी बनवणारी पेशी मज्जेतूनच येते, थायमसची पेशी स्वतः एकही अँटीबॉडी बनवत नाही, पण ती नसेल तर बनवणारी हातावर हात धरून बसून राहते. थायमसवाल्या या टी पेशी.

म्हणजे ज्या पेशीकडे सगळं सामान आहे, कृती आहे, व्हायरस ओळखायची सोय आहे, तिला एकटीला काम सुरू करायची परवानगी नाही. का नाही? हा प्रश्न माझ्या डोक्यात गेली काही वर्षं आहे आणि त्यावर मी जे काही वाचत आलोय त्याचा हा थोडा पसारा.

आधी परवानगी मिळते कशी ते. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर तिचीच अँटीबॉडी खोचून ठेवलेली असते, एका पेशीवर एकाच प्रकारची. त्यात व्हायरस अडकला की पेशी त्याला आत ओढते, त्याचे तुकडे करते आणि ते तुकडे पुन्हा बाहेर आणून दाखवते. तिकडे दुसरीकडे डेंड्रिटिक पेशीने, ही पहाऱ्यावरची पेशी, त्याच व्हायरसचे तुकडे आधीच लसिका ग्रंथीत (मानेत, काखेत, जांघेत असतात त्या गाठींत) आणून टी पेशींना दाखवलेले असतात आणि ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखू आला ती जागी होऊन वाढायला लागलेली असते. त्यातल्या काही टी पेशी बी पेशींच्या वस्तीकडे सरकतात, यांना टी फॉलिक्युलर हेल्पर म्हणतात, आणि तिथे ती भेट होते. बी पेशी तुकडा दाखवते, टी पेशी तो तपासते, ओळखला तर सीडी40 लिगँड नावाचं प्रथिन पुढे करते, आयएल-21सारखे संदेश सोडते, तेव्हा कुठे बी पेशीचं काम पुढे सरकतं. जॉइंट अकाउंटचा चेक असतो ना, दोघांच्या सह्या लागतात, तसं आहे हे, फक्त इथे दोघांनी बघितलेली गोष्ट वेगवेगळी आहे. बी पेशी व्हायरसचा बाहेरचा आकार ओळखते आणि टी पेशी त्याच्या आतून निघालेला कुठलातरी तुकडा. फ्लूच्या बाबतीत तर बी पेशी पृष्ठभागावरच्या काट्याला धरते आणि तिला मदत करणारी टी पेशी पार पोटातल्या प्रथिनाचा तुकडा ओळखणारी असू शकते, कारण गिळताना बी पेशीने अख्खा व्हायरस गिळलेला असतो. दोघींचा पुरावा वेगळा, पण एकाच कणातून आलेला. दोन साक्षीदारांनी एकच वाक्य पाठ करून येण्यापेक्षा हे किती भक्कम!

(अर्थात सगळ्याच अँटीबॉडींना ही सही लागते असं नाही. काही व्हायरसांच्या पृष्ठभागावर एकच आकार इतक्या दाटीने आणि ओळीने मांडलेला असतो की बी पेशी टी पेशीची फारशी वाट न बघता थोडं आयजीएम, म्हणजे अँटीबॉडीचा सुरुवातीचा प्रकार, बनवून टाकते. पण ते तात्पुरतं असतं.)

या सहीचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट कळतं ते एका आजारात. हायपर आयजीएम सिंड्रोम नाव आहे. यात बहुतेक मुलगे असतात, रक्तात आयजीएम भरपूर, कधीकधी नेहमीपेक्षा जास्तच, पण आयजीजी आणि आयजीए हे अँटीबॉडीचे पुढचे प्रकार जवळपास नाहीत आणि वारंवार गंभीर इन्फेक्शन्स. अँटीबॉडीत गडबड आहे म्हणजे बी पेशीत दोष असणार असं कुणालाही वाटेल. 1993 मध्ये वेगवेगळ्या लॅब्जनी या आजाराच्या सर्वात नेहमीच्या प्रकाराचं कारण शोधलं तर दोष निघाला टी पेशीत, तेच सीडी40 लिगँड, त्याचा जीन एक्स क्रोमोसोमवर, म्हणून मुलग्यांमध्ये. बी पेशी धडधाकट होत्या. फक्त त्यांना कुणी पुढे जा म्हणालंच नव्हतं.

आता मूळ प्रश्न, एवढा संशय कशासाठी. मला जे पटलंय ते असं, की शरीर बी पेशीला एक असं स्वातंत्र्य देतं जे दुसऱ्या कुठल्याच पेशीला देत नाही आणि ते दिल्यावर तिच्यावर नजर ठेवण्यावाचून गत्यंतरच नाही. हे स्वातंत्र्य म्हणजे इन्फेक्शन चालू असताना स्वतःच्या डीएनएत मुद्दाम पुन्हापुन्हा चुका करायचं. आपल्या बाकी पेशी डीएनएची नक्कल करताना एकही चूक राहू नये म्हणून आटापिटा करतात, चूक झाली तर दुरुस्त करणारी यंत्रणा वेगळी. आणि इथे बी पेशी एक खास एन्झाइम काढते, एआयडी, तासुकू होंजो यांच्या लॅबने 1999 मध्ये ते शोधलं, आणि त्याने अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करते, नेहमीच्या दराच्या साधारण दहा लाख पट. बहुतेक चुका वाया जातात, काहींनी अँटीबॉडी बिघडते, आणि क्वचित एखादीने ती व्हायरसला आधीपेक्षा घट्ट धरायला लागते. पण त्याच आंधळ्या बदलातून अशीही अँटीबॉडी निघू शकते जी व्हायरस सोडून आपल्याच शरीरातल्या कशाला तरी चिकटेल. बदल करणाऱ्या पेशीला आपण काय बनवतोय हे कळायचा काही मार्ग नाही. म्हणून एकदा सही मिळाली की काम भागलं असं इथे नाही, बदल केला की परत यायचं, परत दाखवायचं.

हे जिथे चालतं त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात, लसिका ग्रंथीत आणि प्लीहेत इन्फेक्शननंतर आठवड्याभरात तयार होणारे गोल पुंजके. त्यांचे दोन भाग. अंधाऱ्या भागात बी पेशी विभागतात आणि जीनमध्ये बदल करतात. मग उजेडाच्या भागात येतात (हे अंधार-उजेड मायक्रोस्कोपखाली दिसतं तसं, तिथे दिवे नाहीत), तिथे व्हायरसचे कण धरून ठेवलेल्या पेशी असतात, त्यांच्याकडून व्हायरस ओढून घ्यायचा. ज्या बी पेशीची अँटीबॉडी जास्त घट्ट ती जास्त व्हायरस ओढते, म्हणून जास्त तुकडे दाखवते, म्हणून हेल्पर टी पेशी तिला जास्त वेळ देते, आणि म्हणून ती परत अंधारात जाऊन जास्त वेळा विभागते. हेल्पर टी पेशी मोजक्याच, त्यामुळे मदत कुणाला मिळणार यावर सगळं अडलेलं. ज्यांना मिळत नाही त्या मरतात. उंदरांवर 2017 मध्ये हे मोजलंय, जर्मिनल सेंटरमधल्या जवळपास निम्म्या बी पेशी दर 6 तासांनी मरतात. निम्म्या! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा तापात पडलो होतो, मानेच्या गाठी सुजलेल्या, आणि दाबून बघायची सवय असते ना आपल्याला, दाबलं की दुखतंय आणि तरी दाबायचं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं तेही हेच, आत गर्दी झालेली. त्या गाठीत आत्ता या क्षणी काय कत्तल चाललीये असा विचार करत मी पडून होतो, आणि ती कत्तल व्हायरसची नाही, आपल्याच पेशींची, का तर त्यांनी बनवलेला माल पुरेसा चांगला नव्हता म्हणून.

‘इम्युनिटी बूस्ट करा’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं ते यामुळे. काय बूस्ट करायचं? ऑस्ट्रेलियात कारोला विनुएसा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एक उंदीर वर्णन केला, त्याच्यात रोक्विन नावाच्या जीनमध्ये बिघाड होता, त्यामुळे हेल्पर टी पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या, जर्मिनल सेंटर कुठलंही इन्फेक्शन नसताना आपोआप फुललेली. बूस्टच की हे. त्या उंदराला ल्युपससारखा आजार झाला, स्वतःच्याच डीएनएविरुद्ध अँटीबॉडी. सही सहज मिळायला लागली की जी बी पेशी मरायला हवी होती ती जगते. आणि 2011 मध्ये तर हेल्परांवरही लक्ष ठेवणाऱ्या वेगळ्या टी पेशी सापडल्या, टी फॉलिक्युलर रेग्युलेटरी, तीन गटांनी एकाच वर्षी छापलं, त्या जर्मिनल सेंटरमध्ये जाऊन मदत आवरती घेतात. संशय घेणाऱ्यावर संशय.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं वाटेल, पण खऱ्या व्हायरल इन्फेक्शनमध्ये बी पेशी आणि हेल्पर एकट्या नसतात. त्याच गाठीत त्याच वेळी मारणाऱ्या पेशीही जाग्या झालेल्या असतात, आणि त्यांचं अँटीबॉडीशी काय नातं आहे हे मला यातलं सगळ्यात थक्क करणारं प्रकरण वाटतं. एलसीएमव्ही नावाचा उंदरांचा एक व्हायरस आहे, इम्युनॉलॉजीवाल्यांचा लाडका, रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना 1996 चं नोबेल मिळालं ते याच्यावरच्याच कामाला. हा व्हायरस पेशींना स्वतः फारसं इजा करत नाही. आणि या व्हायरसला खरोखर निकामी करणारी अँटीबॉडी यायला उंदराला दोन-तीन महिने लागतात, जे फारच उशिरा आहे. 1990च्या दशकात झिंकरनागेलच्या गटाने यामागचं एक कारण दाखवलं. जी बी पेशी हा व्हायरस बरोब्बर ओळखते ती त्याला आत ओढते, बरोबर? आणि ओढला की तो तिच्यातच शिरतो, तिलाच इन्फेक्शन होतं. मग सीडी8 मारक टी पेशी तिथे येतात, त्यांना दिसते एक व्हायरसबाधित पेशी आणि त्या नियमाप्रमाणे तिला मारतात. म्हणजे हजारो बी पेशींमधून नेमक्या कामाच्या तेवढ्याच निवडून मारल्या गेल्या, आणि कुणीही काही नियमबाह्य केलं नाही.

नॅचरल किलर पेशींचं वेगळंच. या तशा सरळ मारणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात, बाधित पेशी नाहीतर कॅन्सरची पेशी. पण 2011 मध्ये स्टीफन वॅगनर, रेमंड वेल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एलसीएमव्हीच्या इन्फेक्शनमध्ये जाग्या झालेल्या किलर पेशी सीडी4 टी पेशींनाच उडवतात, म्हणजे त्याच घराण्यातल्या ज्यातून हेल्पर येतात. पुढे 2015 मध्ये दिसलं की किलर पेशी काढून टाकल्या तर फॉलिक्युलर हेल्पर वाढतात, जर्मिनल सेंटर वाढतात आणि निकामी करणाऱ्या अँटीबॉडीही वाढतात. वाचून पहिला विचार येतो की मग काढूनच टाका की यांना. पण 2011च्याच प्रयोगात व्हायरसचा डोस मोठा असताना किलर पेशी नसलेले उंदीर मेले, व्हायरसमुळे नाही, स्वतःच्याच टी पेशींच्या धुमाकुळाने. किलर पेशी असलेले उंदीर जगले, व्हायरस अंगात ठेवून. शरीराने इथे चक्क सौदा केला, अँटीबॉडी उशिरा, व्हायरस राहिला तर राहू दे, पण फुफ्फुसं शाबूत राहू देत. या सौद्याला चांगलं म्हणायचं की वाईट हे मला ठरवता येत नाही आणि मला वाटतं ते डोसवर ठरतं, कारण मध्यम डोसमध्ये किलर पेशींनीच नुकसान वाढवलं.

इंटरफेरॉन तर आपण फक्त चांगला म्हणूनच ऐकलेला. व्हायरस आल्यावर काही तासांतच निघणारा पहिला इशारा, खरंय. पण 2016 मध्ये ‘सायन्स इम्युनॉलॉजी’मध्ये तीन शोधनिबंध आले, तिन्हींचा सूर एकच, की एलसीएमव्हीसारख्या इन्फेक्शनमध्ये सुरुवातीला जो टाइप 1 इंटरफेरॉनचा लोंढा येतो तोच व्हायरसविरुद्धच्या बी पेशींना घालवतो. थेट नाही, कधी दाहक मोनोसाइट्स नावाच्या पांढऱ्या पेशींच्या मार्फत, कधी सीडी8 पेशींच्या मार्फत, वाट वेगवेगळी. इंटरफेरॉनचा संदेश अडवला की बी पेशी वाचतात.

कोविडमध्ये हे सगळं माणसांत बघायला मिळालं, दुर्दैवाने. 2020 मध्ये कोविडने दगावलेल्या लोकांच्या लसिका ग्रंथी आणि प्लीहा तपासल्या तर त्यात जर्मिनल सेंटर्स जवळपास नव्हतीच, फॉलिक्युलर हेल्पर पेशी तयारच झालेल्या नव्हत्या, आजूबाजूला टीएनएफ हे दाह वाढवणारं द्रव्य मात्र भरपूर. आणि तरी गंभीर रुग्णांच्या रक्तात अँटीबॉडी कमी नव्हत्या! अनेकांत सौम्य आजार झालेल्यांपेक्षा जास्त होत्या. त्या बनत होत्या जर्मिनल सेंटरच्या बाहेर, वारंवार तपासणीच्या फेऱ्या न होता, घाईने. त्याच वर्षी दुसरं एक काम आलं, जिवावर बेतलेला कोविड न्यूमोनिया झालेल्या 987 जणांपैकी 101 जणांच्या रक्तात स्वतःच्याच टाइप 1 इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी होत्या, सौम्य किंवा लक्षणंच नसलेल्या 663 जणांत एकाच्याही नाहीत. ज्यांचे आधीचे नमुने मिळाले त्यांच्यात त्या इन्फेक्शनच्या आधीपासून होत्या. म्हणजे कधीतरी, ज्या बी पेशीला सही मिळायला नको होती तिला ती मिळून गेली, माणसाला पत्ताही नाही, आणि वर्षानुवर्षं काही बिघडलं नाही, मग एक व्हायरस असा आला ज्याच्यापुढे पहिल्या काही दिवसांत इंटरफेरॉनच हवा होता. हे वाचल्यापासून तो सगळा संशय मला अतिरेकी वाटेनासा झालाय.

याउलट लसीचं बघा. 2021 मध्ये एमआरएनए लस घेतलेल्या लोकांच्या काखेतल्या गाठींमधून सुईने नमुने घेतले, तर दुसऱ्या डोसनंतर किमान 12 आठवडे जर्मिनल सेंटर चालूच होती. व्हायरसचा गोंधळ नाही, मारणाऱ्या पेशींची धावपळ नाही, निवांत तीन महिने बदल करा, दाखवा, परत जा. लस म्हणजे काय याची मला आवडणारी व्याख्या ही, की ती वेळ देते.

अजून एक राहिलं, तयार झालेली अँटीबॉडीही या कारभारात हात घालते. रक्तात आयजीजी पुरेसं असेल तर ते व्हायरस आधीच झाकून टाकतं आणि बी पेशीच्या अंगावरच्या एका रिसेप्टरमधून तिला थांब असंही सांगतं. आईकडून आलेल्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असेपर्यंत गोवराची लस नीट लागू पडत नाही, म्हणूनच ती बऱ्याच देशांत 9 महिन्यांनंतर नाहीतर वर्षाने देतात.

आणि मग शेवटची पायरी, जिच्यामुळे मला हा सगळा खटाटोप कळला असं वाटतं. जर्मिनल सेंटरमधून पार झालेल्या काही बी पेशी प्लाझ्मा पेशी होतात, या खऱ्या कारखानदार, सेकंदाला हजारो अँटीबॉडी बाहेर टाकणाऱ्या, त्यातल्या काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं बसतात. 2007 मध्ये एका अभ्यासात हिशेब मांडला होता, धनुर्वाताच्या लसीची अँटीबॉडी निम्मी व्हायला साधारण 11 वर्षं, घटसर्पाची 19, आणि गोवर-गालगुंडाची 200 वर्षांहून जास्त, म्हणजे माणूस संपेल पण ती नाही. पण प्लाझ्मा पेशी होताना ती एक गोष्ट बंद करून टाकते, तुकडे दाखवायची यंत्रणा. आता ती टी पेशीला काही दाखवू शकत नाही, मदत मागू शकत नाही आणि टी पेशीही तिला आता सही नाकारू शकत नाही. जे बनवतेय ते ती बनवतच राहणार, बरोबर असो की चूक. म्हणून जे काय तपासायचं ते आधीच.

तिच्या बरोबरीने निघालेल्या दुसऱ्या पेशी मेमरी बी पेशी, या उलट, काहीच बनवत नाहीत, नुसत्या फिरत राहतात आणि दाखवायची यंत्रणा शाबूत ठेवतात. 2008 मध्ये 1918च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातून अशा पेशी काढल्या, तब्बल 90 वर्षांनी, आणि त्यांच्यापासून लॅबमध्ये बनवलेल्या अँटीबॉडींनी 1918च्या व्हायरसने बाधित उंदरांना वाचवलं. अँटीबॉडी टेस्टच्या रिपोर्टात या पेशी दिसत नाहीत, तिथे दिसतो तो फक्त प्लाझ्मा पेशींचा माल. व्हायरस परत आला की मेमरी पेशी त्याला पहिल्यापेक्षा लवकर ओढेल, तुकडे करेल आणि बहुतेक वेळा पुन्हा एकदा टी पेशीपुढे जाऊन उभी राहील, 90 वर्षांचा अनुभव गाठीशी असला तरी.